सुगंधी तेल फवारायचं की टांगायचं?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या शेतीच्या पानावर सुगंधी तेलांनी फळबागेतली कीड घालवायची म्हणून लेख आला होता, चांगला होता पण सगळी तेलं एका पंक्तीत बसवलीत ते काही पटलं नाही. आमची हापूसची कलमं आहेत रत्नागिरी तालुक्यात, म्हणून लिहितोय.

निंबोळी तेल वेगळं, ते जड तेल, पानावर टिकून राहतं. सिट्रोनेला, निलगिरी, लवंग ही उडून जाणारी तेलं. कडक उन्हात सकाळी मारलं की संध्याकाळपर्यंत वाससुद्धा उरत नाही, मग कीड परत हजर. आणि डोस जास्त झाला तर कोवळी पालवी करपते ते वेगळंच. माझ्या चुलतभावाला एका दुकानदाराने "शंभर टक्के हर्बल" म्हणून महागडी बाटली गळ्यात मारली, लेबलवर ना रजिस्ट्रेशन नंबर ना आत काय आहे ते. कीटकनाशक म्हणून विकायचं तर १९६८ च्या कायद्याने नोंदणी लागते, हे लेखात एका ओळीत तरी यायला हवं होतं.

पण वास कामाचा नाही असं अजिबात नाही हं. फळात अंडी घालणाऱ्या फळमाशीचा नर मिथाइल युजेनॉल या सुगंधी द्रव्याच्या वासाला वेडा होतो, तुळशीच्या तेलातही ते असतं. १९१२ साली बिहारमधल्या पुसाला हॉवलेट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने सिट्रोनेला तेलावर फळमाशीचे नर येतात हे लिहून ठेवलं, पुढे मिथाइल युजेनॉलचंही त्यानेच दाखवलं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची आपल्याच देशातली गोष्ट! आपल्या दापोली कृषी विद्यापीठाचा रक्षक नावाचा फळमाशीचा सापळा याच वासावर चालतो. मिथाइल युजेनॉलमध्ये प्लायचा तुकडा भिजवून सापळ्याच्या डब्यात टांगला की थोड्या वेळात माश्या घोंगावायला लागतात, आठवड्याने डबा उघडा, तळाशी मेलेल्या माश्यांचा थर. त्या तुकड्याला कीटकनाशक लावलेलं असतं, पण ते डब्यातच राहतं, फळावर जात नाही.

आता खरी अडचण. सापळ्यात फक्त नर येतात. मी हेक्टरी ४ सापळे लावले आणि शेजारच्या बागेत एकही नाही, तर तिकडची मिलन झालेली मादी येऊन माझ्याच आंब्याच्या सालीखाली अंडी घालणार. वरून फळ झकास दिसतं, आढीतून काढून कापलं की पांढऱ्या अळ्या टुणटुण उड्या मारतात, गिऱ्हाईक परत येईल का सांगा. गळलेली फळं झाडाखाली तशीच सडत ठेवली तर त्यातल्या अळ्या मातीत जाऊन कोष करतात आणि नवीन माश्या तयार, ती रोज गोळा करून खोल पुरायलाच पाहिजेत. मे २०१४ मध्ये युरोपने आपला हापूस बंद केला तो याच माशीमुळे, २०१५ मध्ये बंदी उठली. तेव्हा सगळ्यांना माशी आठवली होती, आता परत ज्याचा त्याचा सापळा.

म्हणून म्हणतो सापळे अख्ख्या वाडीने एकाच वेळी लावावेत, ग्रामपंचायतीने कृषी सहाय्यकांना बरोबर घेऊन तारीख ठरवावी, कैरी मोठी व्हायच्या आत. आणि तुम्हीही ही माहिती फेब्रुवारी-मार्चमध्येच छापा, मे महिन्यात वाचून आम्ही काय करणार?

आपला,
एक आंबा बागायतदार, ता. रत्नागिरी