गोदाकाठच्या मासेमारांची जुनी छायाचित्रे: सहकार्यासाठी आवाहन

सन्माननीय नाशिककर बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार. छायाचित्रणाचा शोध पॅरिसमध्ये जगापुढे खुला झाला तो दिवस १९ ऑगस्ट १८३९. याच तारखेचे औचित्य साधून यंदा आपले मंडळ कष्टकरी मासेमारांच्या जुन्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवत आहे. त्यात एका भिंतीवर स्कॉटलंडमधील न्यूहेवन या मासेमार गावाची, तर समोरच्या भिंतीवर आपल्या गोदावरीकाठच्या भोई व कोळी कुटुंबांची छायाचित्रे लागतील.

न्यूहेवनच का, असे कार्यकारिणीतही विचारले गेले. चित्रकार डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि विशीतले छायाचित्रकार रॉबर्ट ॲडमसन १८४३ साली एडिंबरोत एकत्र आले आणि शेजारच्या या बंदरात त्यांनी पुढील काही वर्षांत सुमारे १३० छायाचित्रे घेतली. राबणाऱ्या माणसांना त्यांच्याच गावात, त्यांच्याच कपड्यांत इतक्या आस्थेने टिपण्याच्या जगातील अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक होय. इंग्रज संशोधक टॅल्बट यांच्या कॅलोटाइप पद्धतीचे, म्हणजे कागदी निगेटिव्हवरून छायाचित्र छापण्याच्या तंत्राचे, पेटंट स्कॉटलंडला लागू नव्हते, हेही त्यांच्या पथ्यावर पडले. निगेटिव्ह कागदाची असे आणि लख्ख उन्हातही बराच वेळ निश्चल राहावे लागे. म्हणून समुद्रावरचे काम टिपता आले नाही, तर होड्या काठावर ओढलेल्या आणि माणसे त्यांना टेकून उभी दिसतात. त्यात बापाची ढगळ विजार चढवलेला एक पोरगा आहे, पट्ट्यापट्ट्यांचे घागरे नेसून मासळीच्या टोपल्या एडिंबरोच्या रस्त्यांवर नेणाऱ्या बाया आहेत, आणि जेम्स लिंटन यांच्यासारख्या अनेकांची नावेही टिकून आहेत. नावांचे मोल आम्हाला अधिक वाटते, कारण १८६० च्या दशकात छायाचित्रकार विल्यम जॉन्सन यांनी मुंबईकरांच्या छायाचित्रांचे जे संग्रह काढले, त्यांत माणसे जातीजमातींचे नमुने म्हणून मांडली गेली आणि स्टुडिओत घेतलेल्या आकृती निराळ्याच दृश्यांवर जोडल्या गेल्या.

आपल्या काठच्या माणसांचे तसे होऊ नये, एवढीच आमची धडपड आहे. जमा झालेल्या एका छायाचित्रात घाटाच्या पायरीवर बसलेली आजी जाळ्याचा धागा दातांत धरून तुटलेली वीण सांधते आहे, आणि मागे तिच्या नातवाने पेन्सिलीने तिचे नाव लिहून ठेवले आहे. अशी छायाचित्रे आजही घरोघरी ट्रंकांत आहेत. २००८ आणि २०१६ च्या पुरांत कित्येक भिजली, काही फ्रेमच्या काचेला चिकटून बसली.

आजवरचे काम ज्यांच्या बळावर झाले, त्यांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणे कृतघ्नपणाचे ठरेल. पंचवटीतील एका वयोवृद्ध स्टुडिओमालकांनी आपले जुने एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठी प्रत काढण्याचे यंत्र) आणि काचेच्या निगेटिव्हची पेटी मंडळाला विनामूल्य दिली व डोळ्यांना त्रास होत असतानाही प्रत्येक काच स्वतः पुसून कागदात गुंडाळून दिली. एका निवृत्त शिक्षिकेने पहिल्या निवृत्तिवेतनातून स्कॅनरसाठी रक्कम दिली आणि नाव छापू नये असे बजावले. भोई समाजातील तरुणांनी तर दिवसभर धरणावर जाळी टाकून, संध्याकाळी घरोघर फिरून छायाचित्रे गोळा केली. ज्यांच्याकडे देण्यासारखे सर्वांत कमी होते, त्यांनीच सर्वांत आधी दिले, हे नमूद करताना ऊर भरून येतो.

मात्र गेल्या वर्षीच्या आवाहनास मिळालेला प्रतिसाद आम्हाला जिव्हारी लागला. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या आणि छायाचित्रणापासून सुरुवात केलेल्या दादासाहेब फाळके यांचा अभिमान मिरवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात, सभागृहात टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी पावतीपुस्तकाकडे पाहिले. पुन्हा हात पसरताना संकोच वाटतो. पण बुरशी आमच्या संकोचासाठी थांबणार नाही.

न्यूहेवनची अनेक छायाचित्रे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने मुक्त वापरासाठी खुली केली आहेत, त्यामुळे हक्कशुल्क नाही. खर्च आहे तो छपाई, फ्रेम, आम्लरहित कागद, सभागृहभाडे व वाहतुकीचा. देणगी ५०० रुपयांपासून स्वीकारली जाईल, पावती मिळेल. धनादेश मंडळाच्या नावाने, रोख केवळ कार्यालयात, रविवार वगळून सायंकाळी ६ ते ८. छायाचित्रे देणाऱ्यांनी मूळ प्रत आणावी, स्कॅन करून त्याच दिवशी परत मिळेल. काचेला चिकटलेली छायाचित्रे घरी सोडवू नयेत, फ्रेमसकट आणावीत. व्यक्तीचे नाव, गाव व अंदाजे साल सांगता आल्यास उत्तम. फ्रेम ठोकण्यासाठी सुतारकाम जाणणारे स्वयंसेवकही हवे आहेत. सर्व जुलैअखेरपर्यंत.

आपला नम्र,
चिटणीस
(कार्यकारिणीच्या वतीने), नाशिक