कडीला अडकवलेली दुधाची पिशवी

आदरणीय फ्रेंच पटकथाकार झाँ-क्लोद कारिएर यांस,
सादर नमस्कार.

८ फेब्रुवारी २०२१ ला तुम्ही गेलात, म्हणजे हे पत्र तुमच्या हाती पडायचं नाही. तरी लिहिते आहे. उपकार झालेत, ते बोलून दाखवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

गेल्या वर्षी माझ्या लघुपटाची संहिता अडली होती. नवरा नुकताच गेलेली एक बाई, आणि तिची सकाळ. ‘तिला भयंकर एकटं वाटतं’ असं मी लिहिलं होतं. दिग्दर्शक मैत्रीण म्हणाली, “हे कॅमेऱ्याला दाखवू कसं?” मी गप्प.

त्याच दिवसांत तुमची ती आठवण वाचली. द्राक्षमळेवाल्यांच्या घरातला तरुण मुलगा, म्हणजे तुम्हीच, फ्रेंच विनोदी दिग्दर्शक जाक तातींच्या सिनेमावरून कादंबरी लिहायला जातो. सिनेमा कसा बनतो हे त्याला ठाऊक नाही, म्हणून ताती त्याला संकलक सुझान बारों यांच्याकडे सोपवतात. त्या टेबलावर पटकथा ठेवतात, शेजारी फिल्मचं रीळ, आणि सांगतात, सगळा प्रश्न इथून तिथे कसं जायचं एवढाच आहे. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या पानाशेजारी रीळ नव्हतंच.

मग लिहिलं ते असं: दूधवाला सवयीने दोन पिशव्या ठेवून जातो. ती एक आत नेते, दुसरी परत दाराच्या कडीला अडकवते. बस्स.

स्पॅनिश दिग्दर्शक लुई बुन्युएल यांच्याबरोबर तुम्ही सहा चित्रपट लिहिलेत. २०१४ मध्ये तुम्हाला मानद ऑस्कर मिळालं, २०१५ मध्ये आपल्या सरकारने पद्मश्री दिली. पण मला हात जोडावेसे वाटतात ते तुमच्या महाभारतावरच्या नाटकासाठी. ब्रिटिश नाट्यदिग्दर्शक पीटर ब्रुक यांच्यासाठी जवळजवळ दहा वर्षं तुम्ही त्या नाटकामागे होतात, भारतात हिंडलात. १९८५ मध्ये फ्रान्समधल्या आविन्याँजवळच्या दगडाच्या खाणीत ते नऊ तास चाललं. व्यास गोष्ट सांगतात, गणपती लिहून घेतो, आणि समोर एक लहान मुलगा प्रश्न विचारत बसलेला. तो मुलगा तुमचा! आजीच्या मांडीवर ही गोष्ट ऐकणारं प्रत्येक पोर मला त्यात दिसतं.

आणि शब्दांची ती काळजी. ‘धर्म’ तुम्ही फ्रेंचमध्येही ‘धर्म’च ठेवलात. ‘अचेतन मन’ हा आधुनिक मानसशास्त्राचा शब्द त्या माणसांच्या तोंडी घालायचं टाळलंत, कारण आपले शब्द दुसऱ्यावर लादणं हासुद्धा वसाहतवादच, असं तुम्हाला वाटायचं. परक्याच्या घरात चपला बाहेर काढून यावं, तसे तुम्ही आमच्या गोष्टीत आलात. आमच्यातल्या कितीजणांना हे जमतं?

चित्रीकरण संपलं की पटकथा कचऱ्याच्या टोपलीत सापडतात, असं तुम्ही लिहिलंय. परवा आमचं शेवटचं चित्रीकरण झालं. पिशवीचा तो शॉट तिसऱ्या टेकला मिळाला. आवराआवर करताना माझ्या संहितेची प्रत स्वयंपाकघरात सापडली, चहाचे डाग पडलेली. कुणीतरी ती गरम पातेल्याखाली घातली होती.

मी ती तशीच राहू दिली.

तुमची ऋणी,
एक विद्यार्थिनी