विमानप्रवासाच्या तक्त्यात एकच आकडा नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत दूरच्या शहरांमधली अंतरे आणि विमानाला लागणारा वेळ यांचा तक्ता येतो. तो मी नेमाने वाचते, कापूनही ठेवते. त्यात प्रत्येक जोडीपुढे एकच अंतर आणि एकच वेळ असतो. ही पद्धत बदलावी, म्हणून हे पत्र.

गेल्या हिवाळ्यात माझा भाचा लंडनहून न्यूयॉर्कला निघाला. 'विमानात बसलो' एवढाच निरोप आला. उतरण्याची वेळ विचारायची राहून गेली. तक्त्यात सात तास लिहिले होते. सात तास झाल्यावर बहिणीने फोन हातात घेतला, तो खाली ठेवलाच नाही. आठवा तासही सरला तेव्हा आमचे बोलणेच थांबले. पुढे अर्ध्या तासाने निरोप आला. विमान अगदी वेळेवर उतरले होते. तक्त्यातला आकडा न्यूयॉर्कहून लंडनला येतानाचा होता, आणि तसे कुठेही म्हटलेले नव्हते.

उत्तर अटलांटिकवर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो. हिवाळ्यात त्याला अधिक जोर असतो. लंडनकडे येताना हा वारा पाठीशी असतो, न्यूयॉर्कला जाताना तोंडावर. अंतर तेच, सुमारे साडेपाच हजार किलोमीटर. पण वेळेत तासाभराचा फरक सहज पडतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याची साथ मिळून एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तरीही त्याने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता, कारण भोवतालची हवाच त्याच्यासोबत पळत होती.

अंतराबद्दलही सांगायला हवे. तक्त्याशेजारच्या सपाट नकाशावर लंडन ते लॉस एंजेलिस अशी सरळ रेघ आखली होती. मी नातीला पृथ्वीचा गोल दिला आणि या दोन शहरांमध्ये दोरा घट्ट ताणायला सांगितले. दोरा आपसूक उत्तरेला सरकला आणि ग्रीनलँडवर जाऊन बसला. "आजी, एवढ्या बर्फावरून?" तिने विचारले. हो, सर्वांत जवळची वाट तीच.

तीही नेहमी मोकळी असते असे नाही. २०२२ मध्ये फिनलंडच्या विमानांना रशियाचे आकाश बंद झाले आणि हेलसिंकी ते टोक्यो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. तक्त्यात केवळ दोऱ्याचे अंतर दिले, तर वाचकाला हे कळणार कसे?

शिवाय तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या घड्याळाच्या असतात. न्यूयॉर्कहून संध्याकाळी सातला सुटून लंडनला सकाळी सातला पोहोचणारे विमान बारा नव्हे, सात तास घेते. कारण दोन्हीकडच्या घड्याळांत बहुतेक वर्षभर पाच तासांचा फरक असतो.

तेव्हा तक्त्यात जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा छापावा, दोन शहरांच्या घड्याळांतला फरक द्यावा, आणि दिलेले अंतर सर्वांत जवळच्या वाटेचे आहे की विमान खरोखर जाते त्या वाटेचे, हे खाली एका ओळीत सांगावे. जागा कमी पडत असेल तर शहरांच्या दोन जोड्या कमी केल्या तरी चालतील.

आपली,
एक नियमित वाचक