पंपाच्या झाकणाखालचा कागद

कोल्हापूर,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय दिग्या,

आधी माफी मागतो, मग बाकीचं. गणपतीत तू आलास, आबांच्या जीपखाली शर्ट काढून आडवा झालास आणि इंजिनाच्या बुडाशी असलेल्या ऑइलच्या भांड्याचे, म्हणजे चेंबरचे बोल्ट आवळून गेलास. पंधरा दिवसांत खाली ऑइलचं थारोळं दिसलं आणि मी फोनवर तुला नाही नाही ते बोललो. ते सगळं परत घेतो. गळती चेंबरची नव्हती. ऑइल पंपाची होती आणि ती मीच करून ठेवली होती.

इंजिन माझ्या हातानं बांधलं, ही मस्ती नडली बघ. उद्यमनगरात ब्लॉक ४० थाउ, म्हणजे इंचाचे चाळीस हजारांश, बोअर करून आणला, पिस्टन-रिंगा नव्या, क्रँक घासून घेतला. पहिल्याच हँडलला सुरू झालं तेव्हा आई दृष्ट काढायला मीठमोहऱ्या घेऊन आली होती. मग थेंब सुरू झाले. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या कवचाच्या, म्हणजे बेलहाउसिंगच्या बुडातून टपकत होतं, म्हणून मी ठरवूनच टाकलं की मागच्या मेन बेअरिंगचं पॅकिंग गेलं. या इंजिनांची ती खोडच आहे ना! इंजिन पुन्हा उतरवायला चेन कप्पीसुद्धा मागून आणली.

ती अडकवणार तेवढ्यात आपले मेकॅनिक वस्ताद आले. तंबाखू मळत मळत म्हणाले, "मर्दा, टपकतंय तिथंच गळतंय असं कुणी सांगितलं तुला? रॉकेलनं धू आधी." धुतलं, वाळवलं आणि त्यांच्या सांगण्यावरून आईच्या डब्यातली टाल्कम पावडर अख्ख्या डाव्या बाजूला फुंकली. इंजिन पांढरंफटक, देवळातल्या पुजाऱ्यासारखं! दहा मिनिटं चालू ठेवलं. बेलहाउसिंग कोरडं, आणि मॅनिफोल्डच्या खाली, पंपाच्या झाकणाच्या खालच्या कडेला एक काळा धागा उमटला. तो चेंबरच्या कडेकडेनं, पंख्याच्या वाऱ्यानं मागं मागं सरकत पार टोकाला जाऊन थेंब झाला.

तुझ्या फियाटचा पंप चेंबरच्या आत, तो बिचारा गळला तरी ऑइलातच. हा मात्र ब्लॉकच्या बाहेर, कॅमशाफ्टच्या तिरक्या दात्यावर फिरणारा. झाकणाखालचा कागद, म्हणजे पॅकिंग, गेला की ऑइल थेट बाहेर.

आता माझा शहाणपणा ऐक. त्याच संध्याकाळी त्या कागदाच्या जागी जाड जॉइंट शीट कापली, दोन्ही बाजूंनी सिलिकॉन थापलं आणि जीव खाऊन आवळलं. गळती बंद! पण इंजिन तापल्यावर आयडलला ऑइल प्रेशरचा काटा १५ पौंडांवर असायचा, तो ५ वर येऊन लोळायला लागला. वस्ताद गेज बघून म्हणाले, "गळती नाही बंद केलीस, पंपच बंद केलास."

म्हणजे काय, तर पंपाच्या आत फिरणारा, ऑइल ढकलणारा रोटर आणि झाकण यांच्यात किती फट राहणार हे त्या कागदाच्या जाडीवर ठरतं. कागद जाड झाला की ऑइल पुढं जायचं सोडून आतल्या आतच मागं सटकतं. खोलून बघितलं तर पंपाच्या तोंडाशी सिलिकॉनची शेवई लोंबत होती. ती तुटून क्रँकच्या भोकात अडकली असती तर नवी बेअरिंगं गेलीच होती. माझ्या पोटात गोळा आला.

आणि मुळात गळत का होतं? इंजिन बांधताना झाकण निघेना, म्हणून मी स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटलं होतं. कडेला नखाएवढा उंचवटा आला होता. बोट फिरवलं की लागायचा, पण बोट फिरवायला हवं ना! जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून, ऑइल टाकून, इंग्रजी आठाच्या आकड्यात झाकण तासभर घासलं. आतली रोटरची घासलेली चंद्रकोरही त्यात निघाली.

नवा कागद वस्तादांनी कापला, तो मात्र तू बघायला हवा होतास. कात्री नाही, पेन्सिल नाही. पातळ कागद पंपाच्या तोंडावर धरला आणि छोट्या हातोडीच्या गोल डोक्यानं कडेकडेनं टकटक, टकटक. कडेवर कागद आपोआप तुटत गेला. भोकांसाठी सायकलच्या बेअरिंगची गोळी भोकावर ठेवायची, वरून एक टिचकी, की गोल चकती आत. दोन मिनिटांत काम. मी तसाच करायला गेलो आणि तीन कागद फाडले.

ब्लॉकच्या बाजूचंही पॅकिंग बदलायचं म्हणून पंप अख्खा काढला. पलीकडचा डेल्को, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, याच पंपाच्या दांड्यावर फिरतो, म्हणजे पंप निघाला की ठिणगीचं टायमिंग गेलं. खुणा केल्या होत्या रे, पण दाते तिरके, पंप आत सरकताना दांडा थोडा फिरतोच. तेवढा मागं धरून बसवायचा असतो, हे मला फटाके वाजल्यावर कळलं. एक दाता चुकला होता. कार्बोरेटरमधून असा बार निघाला की शेजारच्या काकू दिवाळी आली का विचारायला आल्या.

पुन्हा काढला, पुन्हा बसवला. त्याआधी वस्तादांनी पंपात बोटानं व्हॅसलिन भरलं, कोरडा पंप ऑइल ओढत नाही म्हणून. प्लग काढून मी हँडल मारत राहिलो. तीस, चाळीस फेरे, काटा ढिम्म. खांदा निखळायची वेळ आली आणि काटा एकदम थरथरला, चढला. वस्ताद काही बोलले नाहीत, नुसती तंबाखूची पुडी माझ्यापुढं धरली. मी खात नाही हे त्यांना माहीत आहे.

आज शिरोलीपर्यंत जाऊन आलो. धावताना ४०, तापून आयडलला १५. रात्री जीपखाली पुठ्ठा सारून ठेवला होता, आत्ता बॅटरी घेऊन बघून आलो. मागं पार कोरडं. पुढच्या बाजूला, चेंबरच्या उजव्या कोपऱ्याखाली मात्र एक थेंब आहे.

तो तुझा. दिवाळीला येताना अर्ध्या इंचाचा पाना घेऊन ये.

तुझा,
बंड्या