पडदा फुटला म्हणून टीव्ही भंगारात?

संपादक साहेब,

आमच्या सोसायटीत जिन्याखाली फुटके फ्लॅट टीव्ही पडलेत, भंगारवाला पण नाक मुरडतो. पण पॅनल गेलं तरी आतला पॉवर बोर्ड, टी-कॉन (पॅनलला चित्राचे सिग्नल देणारा छोटा बोर्ड), स्पीकर बऱ्याचदा चांगले असतात, रिपेअरवाले मॉडेल नंबर बघून तेच शोधत असतात, आणि पडद्यामागची जाड पारदर्शक अ‍ॅक्रिलिक शीट तर एकदम कामाची. ते बघतो कोण, तांबं नि अ‍ॅल्युमिनियम ओरबाडायचं, वायरी जाळायच्या, उरलेलं नाल्यात! खरी भीती जुन्या एलसीडीची, त्यात बॅकलाइटला, म्हणजे पडद्यामागच्या उजेडाला, पेन्सिलीपेक्षा बारीक काचेच्या ट्यूबा असतात, आत पारा, आणि कुर्ला-साकीनाक्याकडच्या भंगाराच्या गल्ल्यांत हे काम उघड्या हातानं चालतं, मास्क कसला नि काय. एलईडी बॅकलाइटवाल्यात पारा नसतो, पण उघडण्याआधी तपासतंय कोण? ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, जबाबदारी कंपन्यांवर टाकलीय, कागदावर झकास. मग नवा टीव्ही पोचवणारा जुना न्यायला कां-कू का करतो? पालिकेनं प्रत्येक वॉर्डात महिन्यातून एकदा तरी ई-कचऱ्याची गाडी फिरवावी, आणि भंगारवाल्यांनाही ट्रेनिंग, हातमोजे देऊन सोबत घ्यावं, त्यांना वगळून हे जमायचं नाही.

— एक वाचक, भांडुप