ताई, तुम्ही आधी डिस्कबद्दल विचारलंत

ताई,

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, ते तुम्हाला आवडणार नाही हे तुमच्या बोलण्यावरूनच कळलं होतं. पण आभार मात्र उघड मानायचेत. फोनवर नीट जमलंच नाही, घसा भरून आला आणि "बरं, ठेवतो" म्हणून फोन ठेवून दिला, तेव्हापासून ते सगळं तसंच आत राहिलंय.

झालं ताई. माझ्या पीसीवर व्हेंचुरा, म्हणजे ॲपलचं मॅकओएस, बसलं. आवाज येतोय, केबलने नेट चालतंय, मशीन झोपवलं की झोपतं आणि उठवलं की उठतं, आणि मुख्य म्हणजे लॉजिक, म्हणजे ॲपलचं गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर, उघडलं आणि त्यात आमची गाणी उघडली, सगळे ट्रॅक जागच्या जागी. पहिलं गाणं वाजलं तसे हेडफोन काढले, स्पीकर लावला आणि घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. आम्ही चौघांनी मिळून काही गाणी केली होती, सगळं काम माझ्या मॅकबुकवर, लॉजिकमध्ये. त्या मॅकबुकचा बोर्ड गेला. स्टोरेज बोर्डलाच सोल्डर केलेली, त्यामुळे तीही त्याच्यासोबत गेली. उरली ती प्रोजेक्टची एक प्रत, मी पार्ट आणून जोडलेल्या पीसीतल्या साध्या साटा डिस्कवर. आता लॉजिकचं प्रोजेक्ट दुसऱ्या कशात उघडत नाही आणि लॉजिक विंडोजवर चालत नाही. २००२ साली ॲपलने लॉजिक बनवणारी एमॅजिक कंपनी विकत घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद केली ती कायमचीच. चौघं आता चार दिशांना आहोत, दोघांनी गाणं सोडलंय, त्यामुळे परत रेकॉर्ड करू म्हणायची सोय नाही. नवीन मॅक घेणं सध्या शक्य नव्हतं. पीसी मात्र चांगला, कोअर आय७ ८७०० प्रोसेसर, झेड३९० बोर्ड, आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड, आणि हे कार्ड तर ॲपलनेच जुन्या मॅक प्रोसाठी चालेल म्हणून यादीत दिलेलं. म्हणजे याच पीसीवर मॅकओएस बसवणं होण्यासारखं होतं. होत मात्र नव्हतं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर यायच्या आणि "एक्झिटबीएस स्टार्ट" या ओळीवर सगळं थिजायचं, त्यापुढे एक अक्षर नाही.

तुमच्यापर्यंत यायच्या आधी ज्यांना विचारलं त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय तुमचे आभार पूर्ण होणार नाहीत, म्हणून बोलतो. दुरुस्तीचं काम करणाऱ्या एकाने स्क्रीनचा फोटो न बघताच सांगितलं की पीसीवर मॅक चालतच नाही. दुसरे एकजण यातले मोठे जाणकार समजले जातात, त्यांनी दोनच शब्द लिहिले, "गाइड वाचा". अहो वाचलं होतं, पीसीवर मॅकओएस बसवायचं डॉर्टानियाचं गाइड पहिल्या पानापासून वाचलं होतं, माझ्या प्रोसेसरचं पान तर इतक्यांदा की डोळ्यांसमोर दिसायचं. गाइड उत्तमच आहे, ज्यांनी ते फुकट लिहून ठेवलंय त्यांचे उपकारच आहेत, पण अडलेल्या माणसाच्या तोंडावर तेच गाइड दारासारखं आपटायचं ही कुठली रीत? तिसऱ्याने स्वतःचं तयार ईएफआय फोल्डर, म्हणजे मॅकओएस सुरू करायला लागणाऱ्या फाइलींचं फोल्डर, पाठवलं, म्हणाला हार्डवेअर सेम आहे, डोळे झाकून टाक. चाललं नाही. मग म्हणाला डिस्क खराब असेल, आत जेवढ्या डिस्क आहेत त्या सगळ्या इरेज कर आणि नव्याने सुरू कर. मी विचारलं, त्यावरचा डेटा? त्यावर उत्तर नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

ते वाक्य आठवलं की अजून राग येतो. सगळ्या डिस्क इरेज कर.

आणि मग ओळखीच्या ओळखीतून तुमचा नंबर मिळाला. मी घाबरत घाबरत मेसेज केला, भला मोठा, हार्डवेअरची सगळी यादी, फोटो, कॉन्फिगची फाइल, सगळं एकदमच. मनाची तयारी केली होती की एकतर उत्तर येणार नाही किंवा परत तेच, गाइड वाचा. तुमचं उत्तर आलं त्यात ना बूटलोडरबद्दल काही होतं ना बायोसबद्दल. तुम्ही एवढंच विचारलं होतंत, "या मशीनमध्ये अशी कुठली डिस्क आहे का, जी गेली तर तुम्हाला वाईट वाटेल?"

ताई, मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. एवढ्या लोकांशी बोललो पण हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. मी गाण्यांचं सांगितलं, जरा जास्तच सांगितलं बहुतेक, आणि तुम्ही फोन केलात. म्हणालात मशीन बंद करा, मागची वायर काढा, कव्हर उघडा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा, मग आपण सुरू करू. मी म्हटलं अहो तिला हात लावायचाच नाहीये, मॅकओएस तर वेगळ्या एनव्हीएमई डिस्कवर टाकायचंय. तर तुम्ही म्हणालात, माहितीये, पण इन्स्टॉलरच्या डिस्क युटिलिटीत सगळ्या डिस्क एका यादीत दिसतात, माणूस थकलेला असतो, नावं सारखी दिसतात, चुकीच्या ओळीवर इरेज दाबलं जातं. डिस्क आतच नसेल तर दाबलं तरी काही जाणार नाही. आणि मी स्क्रू काढेपर्यंत, केबल सोडवेपर्यंत, डिस्क कपाटात ठेवून परत येईपर्यंत तुम्ही फोनवर थांबलात. तिकडून तुमचा कीबोर्ड वाजताना ऐकू येत होता, म्हणजे तुमचं स्वतःचं काम चालू होतं. तरी थांबलात. परत आल्यावर विचारलंत, "ठेवली ना नीट?"

बाकी जे केलंत ते तुमच्या ज्ञानातून आलं, आणि ते ज्ञान मोठं आहे. पण हे ज्ञानातून येत नाही. त्या "ठेवली ना नीट"मुळे माझ्या हाताची थरथर थांबली हे शब्दशः खरं आहे. तोपर्यंत मी कुठलंही बटण दाबताना गाणी पणाला लावत होतो, त्यानंतर फक्त एक मशीन चालू करायचं होतं, आणि मशीन काय, आज नाही तर उद्या.

मग तुम्ही फोटो बघितलात. म्हणजे खरंच बघितलात, ओळीन् ओळ. म्हणालात की ही ओळ येते तेव्हा बोर्डाचं फर्मवेअर, म्हणजे त्याचं आतलं सॉफ्टवेअर, आपलं काम संपवून मेमरी मॅकओएसच्या कर्नलच्या, म्हणजे त्याच्या गाभ्याच्या, हाती देत असतं, कर्नल अजून धड उठलेलाही नसतो, त्याने तुमच्या डिस्ककडे ढुंकूनही पाहिलेलं नाही, मग डिस्क इरेज करून काय होणार होतं? एवढं साधं. ज्याने इरेज कर म्हणून सांगितलं त्याने पुढे एक वाक्य विचार केला असता तरी त्याला हे कळलं असतं.

आणि कारण काय निघालं, तर ते "सेम हार्डवेअर"चं फोल्डर झेड३७० बोर्डासाठी बनवलेलं होतं आणि माझा बोर्ड झेड३९०. नावं शेजारची, सॉकेट एक, प्रोसेसर एक, त्यामुळे कोणालाही वाटेल की सारखंच. पण तुम्ही समजावलंत की झेड३७० हा नावाने ३०० सिरीजचा असला तरी आतून आधीच्या २०० सिरीजचाच चिपसेट आहे, आणि झेड३९० खरा ३०० सिरीजचा. झेड३९०च्या फर्मवेअरला आपल्याच सर्व्हिसेसचे पॉइंटर, म्हणजे पत्ते, मधेच बदलायची सवय, त्यामुळे ओपनकोरने, म्हणजे पीसीवर मॅकओएस सुरू करून देणाऱ्या बूटलोडरने, मेमरीची केलेली सगळी मांडणी मोडते. त्याला आवर घालणारी प्रोटेक्टयूईएफआयसर्व्हिसेस नावाची सेटिंग त्या फोल्डरमध्ये बंद होती, कारण झेड३७०ला ती लागतच नाही. शिवाय एनव्हीरॅम, म्हणजे बोर्डावरची सेटिंग जपणारी मेमरी, चालायला झेड३९०ला पीएमसीची एसएसडीटी नावाची फाइल लागते, तीही नव्हती. गाइडमध्ये हे दोन्ही लिहिलेलं आहे. पण "सेम आहे" म्हणून हातात दिलेल्या फोल्डरवर विश्वास ठेवला की गाइडमधली ती ओळ आपल्यासाठी आहे हे कळणार कसं?

ते फोल्डर तुम्ही दुरुस्त केलं नाहीत, टाकूनच द्यायला सांगितलंत आणि माझ्याकडून पहिल्यापासून नवं बनवून घेतलंत. तेव्हा मला वाटलं वेळ वाढतोय. नंतर कळलं की त्यात त्या माणसाचा सिरियल नंबरही तसाच होता, आणि तो दोन मशीनवर वापरला की आयक्लाउड, आयमेसेज सगळ्यात घोळ होतो, त्याचाही आणि माझाही. मी पाठवलेल्या कॉन्फिगमध्ये तो नंबर दिसतोय, दुसऱ्या कोणाला ही फाइल पाठवू नका, हेही तुम्हीच सांगितलंत. ज्याला तुम्ही ओळखतही नाही आणि ज्याच्यामुळे हा सगळा घोटाळा झाला, त्याच्याही नंबरची काळजी घेतलीत!

सेटिंग बदलली आणि ती ओळ मागे पडली, पुढे ओळींचा लोंढा आला, आणि मी फोनवर ओरडलो ते तुमच्या कानात बसलं असेल, त्याबद्दल माफ करा. पुढची यूएसबीची भानगड, एका कंट्रोलरवर १५ पोर्टची मर्यादा, त्यात यूएसबी ३चा एक पोर्ट दोन म्हणून मोजला जातो, ते सगळं इथे लिहीत बसत नाही. तुम्ही माझ्याकडून पेनड्राइव्ह एकेका पोर्टमध्ये घालून नकाशा करून घेतलात आणि एकदाही "अहो किती वेळ" म्हणाला नाहीत, एवढं मात्र लिहायलाच हवं.

अजून एक गोष्ट. तुम्ही मला खोटी आशा लावली नाहीत. काम सुरू करायच्या आधीच सांगितलंत की ॲपलच्या करारानुसार मॅकओएस फक्त ॲपलच्या मशीनवर चालवायला परवानगी आहे, तेव्हा हे बिघडलं तर दाद मागायला कोणी नाही, हे समजून करा. आणि हेही सांगितलंत की हा रस्ता आता संपत आलाय, २०२० साली ॲपलची स्वतःची एम१ चिप आली तेव्हाच ते दिसायला लागलं होतं, आणि २०२५ साली ॲपलने जाहीरच केलं की मॅकओएस २६ टाहो ही इंटेलच्या मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती. मी उत्साहात नवीन कार्ड घेऊ का विचारलं तर म्हणालात एक पैसा घालू नका, गाणी बाहेर काढा, एकेका ट्रॅकची साधी वेव्ह फाइल करून ठेवा म्हणजे परत कुठल्याच सॉफ्टवेअरच्या दारात उभं राहावं लागणार नाही. मदत करणारे असतात, पण आपल्याला लवकरात लवकर त्यांच्या मदतीची गरजच पडू नये असं बघणारे किती असतात?

मी यावर खूप विचार करतोय हल्ली. या कामाला ना सर्व्हिस सेंटर आहे ना हेल्पलाइन. ज्या ओपनकोरवर हे सगळं उभं आहे तेही काही माणसांनी आपल्या मोकळ्या वेळात लिहिलेलं, लिलू, व्हॉटएव्हरग्रीन, ॲपलएएलसी ही केक्स्ट, म्हणजे ड्रायव्हरसारख्या फाइली, सगळं फुकट आणि सोर्ससकट उघडं. त्यातलं कोणीही माझं काही देणं लागत नव्हतं. तुम्हीही नाही. अशा ठिकाणी माणूस जसा वागतो तोच त्याचा खरा स्वभाव असं मला वाटतं, कारण चांगलं वागलं म्हणून काही मिळत नाही आणि वाईट वागलं तर कोणी विचारत नाही. ज्यांना येत असूनही तुच्छतेने बोलावंसं वाटतं त्यांनी एकदा आठवून बघावं की त्यांनाही कोणीतरी पहिली ओळ समजावून सांगितली होती. येत नसेल तर "मला माहीत नाही" म्हणावं, त्यात कमीपणा काय आहे? तुम्ही माझा साउंड चालू करायला लागणाऱ्या लेआउट आयडी नावाच्या आकड्याबद्दल सरळ म्हणालात की नेमका कुठला लागेल माहीत नाही, यादीतले एकेक करून बघू, आणि बघितलेत. तेव्हा तुमच्यावरचा विश्वास वाढलाच.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, पुन्हा विचारणार नाही, तुम्ही रागावलात ते लक्षात आहे. तुमचा नंबर कोणाला दिलेला नाही, आणि या पत्रामुळे कोणी मागितला तरी देणार नाही.

बाकी खुशाली अशी की ती डिस्क अजून कपाटातच आहे. तिची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर केली, दुसरी एका मित्राच्या घरी ठेवली, मगच गाणी मॅकच्या बाजूला घेतली, अगदी तुम्ही सांगितलं त्याच क्रमाने. वेव्ह काढायचं काम चालू आहे, निम्म्याहून जास्त झालं. पुढच्या आवृत्तीला अपग्रेड करा असं मशीन रोज सुचवतंय, मी दाबलेलं नाही. एकच शंका आहे, ओपनकोर आणि केक्स्ट आत्ताच नवे करून ठेवू की गाणी सगळी निघेपर्यंत कशालाच हात लावू नको? घाई नाही, सवडीने कळवा. सोबत एका गाण्याची फाइल पाठवलीये, दुसऱ्या कडव्यानंतर जो आवाज येतो तो आमच्यातल्या त्या दोघांचा आहे, जे आता गात नाहीत. त्यांनाही ऐकवलं. एकाने विचारलं, हे सापडलं कुठे? मी तुमच्याबद्दल सांगितलं.

तुमचा,
झेड३९०वाला