बाबा, सगळं पाणी एकाच वाफ्याला सोडलंय

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगणार होते. पण फोनवर आकडे ऐकले की बाबा 'बरं, बरं' म्हणून फोन आईकडे देतात आणि मग रात्री सोप्यात येरझाऱ्या घालतात. आई दुसऱ्या दिवशी हळूच सांगते मला. म्हणून लिहिते आहे. लिहिलेला हिशेब बाबा दोनदा वाचतील आणि तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन तपासतील, तसाच तपासावा अशी माझी इच्छा आहे.

गोष्ट अशी, की पुढच्या वर्षभरात घरं विकून द्यायच्या माझ्या धंद्याच्या जाहिरातीसाठी मी 1,20,000 रुपये वेगळे काढलेत आणि ते सगळे भाग्यनगर व त्याला लागून असलेल्या अनगोळच्या थोड्या गल्ल्यांतच घालणार आहे. अख्ख्या बेळगावात नाही. हे ठरलंय. बोर्ड रंगवायला दिलाय, कॅलेंडरची ऑर्डरही गेली. तुम्हाला आधी विचारलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं नसतं, आपल्या ठेवीची पावती काढून पुढं केली असती. तेच मला नको होतं.

पुढं वाचायच्या आधी एक ध्यानात घ्या. बाबांच्या मोतीबिंदूचे आणि आईच्या गुडघ्याचे पैसे वेगळ्या खात्यात आहेत. त्या खात्याला मीही हात लावत नाही, हेही लावत नाहीत. ते खातं आमच्या दोघांच्या नावावर आहे आणि पासबुक तुमच्या लोखंडी कपाटात वरच्या खणात, लग्नाच्या अल्बमखाली ठेवलंय. आईच्या पाटल्या आहेत तिथंच आहेत. हे 1,20,000 माझ्या पतसंस्थेच्या ग्रॅच्युइटीतले, माझ्या कष्टाचे. घरखर्च ह्यांच्या उद्यमबागच्या पगारावर चालतो, आणि नीट चालतो. तेव्हा आई, गोळ्या एक दिवसाआड घेऊन पैसे वाचवायचा विचार मनात आणू नकोस. मला मेडिकलवाला सांगतो.

बाबा, 'दलाली' हा शब्द तुम्हाला आवडत नाही हे मला ठाऊक आहे. तंबाखूच्या वखारीत दलालांनी शेतकऱ्यांचं काय केलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय, 1981 चं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलनही पाहिलंय. पण आता या कामाला कायदा आहे. 2016 च्या रेरा, म्हणजे घर-जागांच्या व्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या कायद्याखाली मी रीतसर एजंट म्हणून नोंदणी केली आहे, 25,000 रुपये भरून, पाच वर्षांची. माझ्या हातून होणाऱ्या प्रत्येक विक्रीत तो नंबर लिहावा लागतो. ज्या प्रकल्पाला रेराची नोंदणी लागते आणि त्यानं ती घेतलेली नाही, त्यातला फ्लॅट विकायला मला मनाई आहे. शेतजमिनीचे गुंठे पाडून गरिबांच्या गळ्यात मारणारे असतात, त्यांच्या वाऱ्यालाही मी उभी राहत नाही. हे तुम्हाला शपथेवर सांगते.

आता एकच भाग का, ते. काकांचं जे झालं ते मी लहान असले तरी मला आठवतंय. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, सगळीकडं एकदम हात घातला. तुम्ही तेव्हा आईला म्हणाला होता, पाणी थोडं असलं की एक वाफा भिजवावा, रानभर शिंपडलं तर कुठंच मुळाला पोचत नाही. मी तेच करते आहे.

शहरभर फ्लेक्स लावणारे आहेत, आरपीडी कॉर्नरला मोठा बोर्ड भाड्यानं घेणारे आहेत. तो बोर्ड बघत जाणारी माणसं खानापूरला नाहीतर गोव्याला निघालेली असतात. मोबाईलवर पैसे भरून जाहिरात केली की फोन पुष्कळ येतात, पण कुठून कुठून येतात आणि निम्म्यांना फक्त भाव ऐकायचा असतो. मला घर विकणारा माणूस हवा. तो रोज त्याच गल्लीतून दूध आणायला जातो, तिथंच त्यानं माझं नाव चार वेळा वाचलं पाहिजे.

भाग मी डोळे झाकून निवडला नाही. या धंद्यात ठोकताळा असा, की शंभर घरांमागे वर्षाला चार-पाच घरं तरी विकली जात असतील तिथंच पैसा घालावा. त्याहून कमी असतील तर जागा कितीही देखणी असो, सोडून द्यावी. आणि तिथं आधीच कुणा एकाचा जम बसला असेल तरी सोडावी. मी क्रॉसमागून क्रॉस फिरून, किराणा दुकानदारांना, वॉचमनना, पेपर टाकणाऱ्या पोरांना विचारून वहीत मांडलं. माझ्या भागात साडेचारशेच्या आसपास घरं धरली आहेत आणि वर्षाला वीसेक घरं हात बदलतात असं दिसतंय. मुलं पुण्या-बेंगळुरूला, इथं दोन म्हातारी माणसं आणि वर चार खोल्या रिकाम्या, अशी घरं पुष्कळ. चाळीस लाखांचं घर विकलं आणि एका बाजूचा एक टक्का मिळाला तरी 40,000 होतात. म्हणजे वीसांतले तीन व्यवहार माझ्याकडून झाले की वर्षाचा खर्च निघाला. चौथ्यापासून कमाई. पहिले सात-आठ महिने फोन वाजला नाही तरी मी हातपाय गाळणार नाही, कारण लोकांना नाव ओळखीचं व्हायलाच तेवढा वेळ जातो. आधी भीती मलाच वाटली होती, म्हणून वर्षभर पुरेल एवढे पैसे बाजूला पडेपर्यंत सुरुवातच केली नाही. निम्म्यात थांबलं तर घातलेलंही वाया जातं.

खर्चाची फोड लिहिते. पत्रकं छापून घरोघर द्यायला महिन्याला 2,500, वर्षाचे 30,000. माझ्या स्कूटीचं पेट्रोल 24,000. फोन, इंटरनेट आणि घरांचे फोटो काढणाऱ्या मुलाला मिळून 18,000. चारशे कॅलेंडरं, एकाला 35 प्रमाणे 14,000. बोर्ड 12,000. गणपतीला 10,000. राहिलेले 12,000 हाताशी. एकदम काही जात नाही, लागेल तसे काढायचे. आणि जी काही दलाली मिळेल तिच्यातल्या रुपयामागे दहा पैसे परत याच खात्यात, पुढच्या वर्षासाठी. फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते, माझं नाव कुठं पाहिलं? ते वहीत लिहिते. वर्षअखेर कळेल पत्रकानं काम केलं की कॅलेंडरनं, आणि ज्यानं काही केलं नाही ते बंद.

गणपतीत मंडपाशी मोठं बॅनर लावणार नाही. गल्लीतल्या बायकांची रांगोळी स्पर्धा ठेवून बक्षिसं देणार, म्हणजे त्या माझ्याशी बोलतील. कॅलेंडरच्या मागच्या पानावर हेस्कॉमचा, म्हणजे वीज कंपनीचा, 1912 नंबर आहे, दवाखान्यांचे आहेत, नळवाल्याचा, गवंड्याचा आहे. माझा फोटो टाकायला छापखानेवाला मागं लागला होता, मी नको म्हटलं. त्या जागेत पौर्णिमा-अमावास्या मोठ्या अक्षरात घातल्यात, आईला चष्म्याशिवाय वाचता येतील एवढ्या.

पत्रकाचंही तसंच. 'घर विकायचंय? फोन करा' असं लिहिलं तर लोक रद्दीत टाकतात. मी पाठीमागं ई-खात्याची, म्हणजे घराच्या नोंदीच्या संगणकीय उताऱ्याची माहिती छापली. शहरातल्या घराच्या रजिस्ट्रीला 2024 च्या ऑक्टोबरपासून ई-खाता लागतोच, आणि वयस्कर माणसांना त्याचं फार टेन्शन आहे. खरेदीपत्र, घरपट्टीची पावती, ईसी म्हणजे घरावर बोजा आहे-नाही याचा दाखला, आधार, काय काय जुळवायचं ते एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये.

एका क्रॉसवर निवृत्त कन्नड शिक्षिका राहतात, एकट्याच. मी गेटमधून पत्रक दिलं तर त्यांनी ते तिथंच उभ्यानं, पानावर बोट फिरवत शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, "ओळग बर्री," म्हणजे आत या. आत गेले तर टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद, खरेदीपत्राची घडी इतकी जुनी की मधोमध विरलेली. मी तासभर बसून कागद लावून दिले. घर विकायचा त्यांचा काही विचार नाही, मी विचारलंही नाही. निघताना त्यांनी पत्रक घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं. बाबा, माझा खर्च त्या डबीत पोचायला हवा, कोपऱ्यावरच्या फ्लेक्सवर नको.

बोर्डाबद्दल एक सांगायचंय. बोर्डावर कन्नड वर आहे आणि मोठं आहे. कर्नाटकच्या 2024 च्या कायद्यानं साठ टक्के कन्नड सक्तीचं आहे, माझ्या हातात ते नाही. 17 जानेवारीला तुम्ही न चुकता सीमालढ्याच्या हुतात्म्यांना अभिवादन करायला जाता, तो बोर्ड पाहून तुम्हाला कसं वाटेल याचा विचार करतच मी रंगाऱ्यापाशी उभी होते. मराठी खाली आहे, पण ठसठशीत आहे, ऱ्हस्व-दीर्घ मी स्वतः तपासलंय. आणि लहानपणी तुम्ही आम्हाला कन्नड लिहा-वाचायला लावलंत म्हणूनच आज ती बाई मला घरात घेते.

आता जे सांगायला जड जातंय ते. रविवारी घर बघायला येणारे जास्त, त्यामुळं दर रविवारी निपाणीला येणं होणार नाही. मंगळवारी येईन, सकाळच्या गाडीनं, आणि मुक्काम करीन. दीड तासाचा तर रस्ता. आई, रविवारी तू माझ्यासाठी म्हणून आंबोळ्या करून वाट बघत बसू नकोस, पीठ मंगळवारसाठी भिजव. मंगळवारी स्वयंपाकघरात मी आणि तू, बाबा बाहेर पेपर वाचत, हे मला रविवारच्या गर्दीपेक्षा जास्त आवडेल, खरंच.

वहीत आकडे लिहिताना सारखी वखार आठवते. शाळा सुटल्यावर मी तिथं पोत्यांवर बसायचे, तंबाखूच्या वासानं शिंका यायच्या, आणि बाबा किर्दीत जमा-नावे लिहिताना मला पट्टी धरायला द्यायचे. रेघ वाकडी गेली तरी रागवायचे नाहीत. परतताना मला खांद्यावर घ्यायचे, सदऱ्याला तोच वास. आता माझ्याही वहीला मी तशाच रेघा मारते. बाबा, मंगळवारी आले की ती वही तुमच्यासमोर ठेवीन, तुम्ही शिल्लक काढून बघा. तुमची सही झाल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आता मी सांगते ते दोघांनी ऐकायचं.

ऑपरेशनची तारीख पुढं ढकलायची नाही. 'थंडी सरू दे' वगैरे काही नाही. केएलईच्या दवाखान्यात नेणं-आणणं माझ्याकडं, त्या आठवड्यात मी एकही घर दाखवणार नाही, ते आधीच ठरलंय. थेंब घालायला मी तिथंच असेन.

गीझर लावलाय तो वापरा. चुलीवर पाणी तापवून बादली उचलत न्हाणीपर्यंत जायचं नाही, आई, तुला सांगते. लाइट बिल मी भरते. परड्यातल्या दगडावर शेवाळ धरलंय, तिकडं पहाटे जायचं नाही, फुलं उजाडल्यावर तोडली तरी देव रागवत नाही. धुण्या-भांड्याच्या मावशींना सोडू नका, त्यांचा पगार माझ्याकडून जातो आणि जात राहील.

बाबा, घरपट्टी एप्रिलमध्येच भरायची, पाच टक्के सूट मिळते. आणि आपल्या घराचे कागद एका पिशवीत घालून ठेवा, आपलाही ई-खाता मी करून घेणार आहे. विकायला नाही हो, घाबरू नका. घर तुमचं आहे, तुमचंच राहणार. मी जगाचे कागद लावते आणि आपले तसेच पडलेत, हे बरं नाही.

येताना शहापूरचा कुंदा आणते, आईसाठी. बाबांना एक चमचा, तोही जेवणानंतर. चष्म्याची काडी तुटली म्हणे, दोऱ्यानं बांधून वापरू नका, मंगळवारी बदलून घेऊ. हे पत्र मिळालं की मिस्ड कॉल द्या. आणि शेजारच्यांना विचारू नका की पोरगीचं बरोबर आहे का, मला विचारा.

तुमची,
धाकटी